समाजमाध्यमांची वयोमर्यादा : कौमारभृत्याच्या दृष्टीने

विषयप्रवेश

गेल्या काही वर्षांत चिकित्सालयात येणाऱ्या पालकांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला आहे : “मुलाला मोबाईल कोणत्या वयात द्यावा?” बाळाला वरचे अन्न केव्हा सुरू करावे, दूध किती द्यावे, हे प्रश्न वैद्याला परिचित आहेत व त्यांची उत्तरे संहितांत आहेत. हा नवा प्रश्नही पालक त्याच विश्वासाने विचारतात. त्यास “ते तुमचे तुम्ही ठरवा” असे उत्तर देऊन पुढील रुग्णाकडे वळणे सोपे आहे. मीही कित्येक वर्षे तेच केले. परंतु एका रुग्णेच्या अनुभवानंतर या विषयाचा नीट अभ्यास करणे मला भाग पडले. त्या अभ्यासाचे सार प्रस्तुत लेखात वैद्य बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

वयोमर्यादेचे कायदे

ऑस्ट्रेलियाच्या संसदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत केलेला कायदा १० डिसेंबर २०२५ पासून प्रत्यक्ष अमलात आला. त्यानुसार १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर स्वतःचे खाते ठेवता येत नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, थ्रेड्स, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब, रेडिट, ट्विच आणि किक अशा दहा माध्यमांना प्रारंभी हे बंधन लागू झाले. या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, नियमभंग झाल्यास दंड मुलाला नाही आणि पालकालाही नाही. जबाबदारी कंपनीची आहे, व दंडाची कमाल मर्यादा ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर इतकी आहे. अंमलबजावणीच्या पहिल्या महिनाभरात सुमारे ४७ लाख खाती बंद झाल्याचे तेथील शासनाने जानेवारी २०२६ मध्ये जाहीर केले.

यापूर्वी जगभर रूढ असलेली मर्यादा १३ वर्षांची होती व अनेक ठिकाणी आजही आहे. ही मर्यादा बालमानसशास्त्राच्या कोणत्या अभ्यासातून निघाली असेल, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये मुलांच्या खाजगी माहितीच्या संरक्षणासाठी एक कायदा झाला व एप्रिल २००० पासून तो अमलात आला. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती गोळा करण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, असे त्याने सांगितले. ही कटकट टाळण्यासाठी कंपन्यांनी आपल्या नियमावलीत १३ वर्षांची अट घातली. म्हणजे हा आकडा माहितीच्या व्यवहारातून आला आहे. मुलाच्या मनाच्या परिपक्वतेशी त्याचा संबंध नाही.

भारतात २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस ‘बालक’ मानले आहे. बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घ्यावी, त्याच्या वर्तनावर पाळत ठेवू नये, त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत, असे कलम ९ सांगते. त्याच्या उल्लंघनास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून प्रमुख तरतुदींच्या अंमलासाठी त्यात १८ महिन्यांचा अवधी दिलेला आहे. हा कायदा मात्र बंदीचा नाही; संमतीचा आहे. संमती देणारा पालक मुलाइतकाच अनभिज्ञ असेल तर ती संमती किती उपयोगाची, हा विचार करावयास लावणारा प्रश्न आहे.

संहितांतील वयोविभाग

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात सोळा वर्षांखालील वयास बाल्य म्हटले आहे व त्याचे क्षीरप, क्षीरान्नाद आणि अन्नाद असे आहारानुसार विभाग केले आहेत. चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात बाल्यावस्थेचा विचार अधिक विस्ताराने आला आहे. तेथे सोळा वर्षांपर्यंतच्या वयाचे वर्णन धातू अपरिपक्व, शरीर सुकुमार, क्लेश सहन न करणारे आणि बल अपूर्ण असे केलेले आहे. त्यापुढे तीस वर्षांपर्यंत धातूंची वृद्धी चालू असते, परंतु सत्त्व बहुधा अनवस्थित असते, म्हणजे मन स्थिर झालेले नसते, असे आचार्य सांगतात.

ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातील १६ आणि सुश्रुतांचे १६ यांचा मेळ पाहून कोणास आनंद होईल. तथापि या योगायोगास पुरावा समजू नये. आचार्यांपुढे समाजमाध्यमे नव्हती. त्यांच्या विवेचनातून घ्यावयाचा अर्थ वेगळा आहे. शरीराची परिपक्वता व सत्त्वाची स्थिरता या एकाच वेळी येत नाहीत, हे त्यांनी स्पष्टपणे नोंदविले. म्हणून सोळाव्या वाढदिवसाला मुलगा एकाएकी सुरक्षित होतो, असे मानण्यास शास्त्राचा आधार नाही. मर्यादेच्या अलीकडे संरक्षण हवे तसे पलीकडे मार्गदर्शनही हवे.

हेतुविचार

व्याधींच्या तीन मूळ हेतूंपैकी असात्म्येन्द्रियार्थसंयोग येथे प्रथम लक्षात घ्यावा लागतो. चक्षुरिंद्रियाच्या संदर्भात अतितेजस्वी वस्तू फार वेळ पाहणे हा अतियोग, तर अतिशय जवळून पाहणे, भयंकर, बीभत्स, विकृत, त्रासदायक रूपे पाहणे हा मिथ्यायोग, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात सांगितले आहे. अंथरुणात डोक्यावर पांघरूण घेऊन, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर मोबाईल धरलेले मूल आपल्या डोळ्यांसमोर आणावे. त्या पडद्यावर पुढे काय येणार हे त्याला ठाऊक नसते आणि पुढचे दृश्य आपोआप येत राहते. अतियोग व मिथ्यायोग एकाच जागी एकत्र येण्याचे याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

दुसरा हेतू निद्रानाशाचा. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ. रात्रीचे जागरण रूक्षता वाढविणारे आहे. त्याने वातप्रकोप, अग्निमांद्य, शिरःशूल, चिडचिड ही मालिका सुरू होते. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी मे २०२३ मध्ये या विषयावर एक सूचनापत्र प्रसिद्ध केले. १३ ते १७ वयोगटातील सुमारे ९५ टक्क्यांपर्यंत मुले समाजमाध्यमे वापरतात, आणि दिवसाकाठी तीन तासांहून अधिक वेळ त्यावर घालविणाऱ्या मुलांत नैराश्य व चिंता यांच्या लक्षणांचा धोका दुप्पट आढळतो, असे त्यात नमूद आहे. त्याच पत्रात काही मुलांना समाजमाध्यमांचा लाभ होतो, हेही मान्य केले आहे. सर्व दोष एकाच हेतूवर टाकणे आपल्या निदानपद्धतीतही बसत नाही.

एक रुग्णानुभव

रुग्णेची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नववीत शिकणारी चौदा वर्षांची मुलगी आईसोबत आली. झोप न लागणे, भूक मंदावणे, डोके दुखणे, केस गळणे आणि अभ्यासात लक्ष न लागणे ही लक्षणे. मासिक पाळी नियमित, जिव्हा साम, नाडी वातप्रधान. वातज अनिद्रा व अग्निमांद्य असे निदान करून दीपन-पाचन, ब्राह्मीचा कल्प, रात्री पादाभ्यंग आणि लघु आहार अशी योजना केली. पंधरा दिवसांनी भूक थोडी सुधारली. झोप मात्र नाही. मी मात्रा वाढविली व पुन्हा पंधरा दिवसांनी येण्यास सांगितले.

तिसऱ्या भेटीच्या वेळी आई औषधे घेण्यासाठी बाहेरच्या खिडकीशी गेली होती. तेवढ्या दोन मिनिटांत मुलीने विचारले, “मॅडम, पाठवलेला फोटो परत घेता येतो का?”

त्या एका प्रश्नातून सर्व उलगडले. अकराव्या वर्षी जन्मसाल खोटे लिहून तिने एका माध्यमावर खाते उघडले होते. तेथे समवयस्क मुलगी असल्याचे भासवून एका अनोळखी व्यक्तीने काही महिने ओळख वाढविली, एक छायाचित्र मागून घेतले आणि त्यानंतर धमकी देऊन आणखी छायाचित्रे मागण्यास आरंभ केला. संदेश रात्री साडेअकराच्या सुमारास येत. ताबडतोब उत्तर दिले नाही तर छायाचित्र वर्गातील सर्वांना पाठवीन, अशी धमकी होती. ती झोप येत नाही म्हणून जागी राहत नव्हती. उत्तर द्यावयाचे म्हणून जागी राहत होती. आणि मी तिच्या पायांना तेल लावावयास सांगत होते.

“घरी का सांगितले नाहीस?” असे विचारता ती म्हणाली, “पप्पा म्हणाले होते, फोनमध्ये काही वेडंवाकडं दिसलं तर फोन फोडीन आणि शाळा बंद करीन.”

पहिल्या दोन भेटींत मी तिला झोपेबद्दल विचारले होते. पण आईच्या देखत, आणि उत्तर आईनेच दिले होते. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी तिसरी परीक्षा मी केलीच नव्हती. एक महिना त्यात गेला. तो महिना तिने कसा काढला असेल, याचा विचार आजही मन अस्वस्थ करतो.

मर्यादेचा लाभ आणि तिची सीमा

हेतूचा त्याग करणे, म्हणजेच निदानपरिवर्जन, ही चिकित्सेची पहिली पायरी आहे. त्या अर्थाने वयोमर्यादा योग्य आहे, असे माझे मत झाले आहे. चौदाव्या वर्षी अनोळखी प्रौढाशी सामना करण्याचे बल मुलात नसते. त्या प्रसंगापासून त्याला दूर ठेवणे हेच पथ्य. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात खेळण्यांविषयी सांगितलेले नियम येथे मोलाचे वाटतात. खेळणी मनोहर व आवाज करणारी असावीत. पण जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात जाण्याजोगी नसावीत, जिवाला धोका करणारी वा भीतिदायक नसावीत. यातील प्रत्येक नियम खेळणे बनविणाऱ्यास व निवडणाऱ्यास उद्देशून आहे. “बाळाने टोकदार खेळणे जपून वापरावे” असे आचार्य म्हणत नाहीत. दंड मुलाला न करता कंपनीला करणारा कायदा याच तत्त्वास धरून आहे.

तथापि मर्यादेची सीमाही ओळखावी. ऑस्ट्रेलियात व्हॉट्सॲपसारखी संदेशवहनाची साधने आणि रोब्लॉक्ससारखे खेळ प्रारंभीच्या यादीत नव्हते. यूट्यूब खात्याशिवायही पाहता येते. खोटे वय सांगून आत जाणारी मुले सर्वत्र असतात आणि त्यांची अवस्था अधिक बिकट होते. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये किशोरांसाठी वेगळी खाती सुरू केली व फेब्रुवारी २०२५ पासून ती भारतातही आणली. त्यांत खाते खाजगी राहते, अनोळखी व्यक्तीचे संदेश अडविले जातात, रात्री १० ते सकाळी ७ पर्यंत सूचना बंद असतात. परंतु ज्या मुलाने आपले वय वीस असे लिहिले आहे ते यंत्राच्या दृष्टीने प्रौढच असते व ही संरक्षणे त्याच्या वाट्याला येण्याची खात्री राहत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, नियम मोडलेले मूल संकटात सापडले तर ते सांगावयास घाबरते. ‘तू मुळात तेथे गेलासच का?’ हा पहिला प्रश्न त्याला ठाऊक असतो. धमकी देणाऱ्याचे सर्व बळ या भीतीतच असते. मूल रडत असेल, जेवत नसेल वा ऐकत नसेल तरी त्याला राक्षस-पिशाचादींची नावे घेऊन भिववू नये, असे त्याच अध्यायात सांगितले आहे. मर्यादा घालावी, तिचा बागुलबुवा करू नये.

प्रश्नपरीक्षा कशी करावी?

दहा ते अठरा वयोगटातील रुग्णात अनिद्रा, अग्निमांद्य, वारंवार शिरःशूल, अकारण चिडचिड वा शाळेत जाण्यास नकार ही लक्षणे असतील तर पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

१. पालकांसमोर वृत्त घेतल्यानंतर “सर्व मुलांशी मी पाच मिनिटे वेगळे बोलते” असे सांगून मुलाशी स्वतंत्र बोलावे. पुरुष वैद्याने मुलीशी बोलताना परिचारिका वा अन्य स्त्री नजरेच्या टप्प्यात असावी.

२. “मोबाईल किती वेळ पाहतोस?” या प्रश्नाचे खरे उत्तर मिळत नाही. “रात्री शेवटचा संदेश किती वाजता येतो? कोणाचा?” असे विचारावे.

३. “मोबाईलवर कोणी त्रास दिला, काही मागितले, घाबरवले, असे कधी झाले आहे का? अनेक मुलांना होते.” हा प्रश्न शांतपणे, औषध लिहिता लिहिता विचारावा.

४. मुलाने काही सांगितल्यास पहिले वाक्य दोषारोपाचे नसावे. “तू सांगितलेस हे चांगले केलेस. यात तुझी चूक नाही,” एवढे पुरे. ‘हे कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये. पुढे सांगितल्याप्रमाणे ते पाळता येत नाही.

५. जीव नकोसा झाल्याचे मुलाने बोलून दाखविल्यास त्यास एकटे सोडू नये व त्याच दिवशी मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक पालकांस लिहून द्यावा. येथे केवळ मेध्य औषधांवर विसंबणे योग्य नव्हे.

कायदेशीर कर्तव्य

याबाबत आपल्यापैकी अनेकांना पुरेशी माहिती नसते, असे अनुभवास येते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पॉक्सो, याच्या कलम १९ नुसार असा अपराध घडल्याचे ज्यास ज्ञात होते, किंवा घडण्याची आशंका वाटते, त्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. वैद्य त्यास अपवाद नाही. न कळविल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कारावास वा दंड होऊ शकतो. सद्भावनेने कळविणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. हे कर्तव्य मुलाला आणि पालकांना समजावून सांगून, त्यांना सोबत घेऊन पार पाडावे.

पुराव्याच्या बाबतीत दोन पथ्ये पाळावीत. पालक संतापाने सर्व संदेश पुसून टाकतात. तसे करू देऊ नये. धमकीचे संदेश, खात्याचे नाव, दिनांक व वेळ जपून ठेवावीत. दुसरे असे की, मुलाचे आक्षेपार्ह छायाचित्र ‘पाहण्यासाठी’ आपल्या मोबाईलवर मागवू नये व कोणास पाठवू नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६७ब खाली असे साहित्य पाठविणे वा जवळ बाळगणे हा गंभीर अपराध आहे, हेतू कितीही चांगला असला तरी हा धोका पत्करू नये. मागणी करणाऱ्यास पैसे वा आणखी छायाचित्रे देऊ नयेत. त्याने मागण्या थांबत नाहीत. बालकांसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे मदत क्रमांक प्रतीक्षालयात ठळक अक्षरांत लावावेत.

पथ्यविचार

मोबाईल एका दिवसात हिरावून घेतल्यास मुले लपून दुसरा मार्ग शोधतात. सवयीने सात्म्य झालेले अहित हळूहळू चतुर्थांशाने सोडावे व त्याच प्रमाणात हितकर गोष्टीचा अभ्यास वाढवावा, असा पादांशिक क्रम चरकाचार्यांनी सांगितला आहे. रोज चार तास पाहणाऱ्या मुलाचा प्रथम एक तास कमी करावा आणि तो तास मैदानावर, वाद्यावर वा घरच्या कामात जावा. काही दिवसांनी दुसरा तास. रिकामा केलेला वेळ रिकामाच ठेवला तर क्रम टिकत नाही.

रात्री मोबाईल मुलाच्या खोलीत नसावा; स्वयंपाकघरात वा दिवाणखान्यात एका जागी घरातील सर्वांचे मोबाईल ठेवावेत. ‘सर्वांचे’ हा शब्द महत्त्वाचा. जेवताना स्वतः मोबाईल पाहणाऱ्या पित्याचे सांगणे मूल मानीत नाही. खाते उघडण्याचे वय येईपर्यंत थांबावे, आणि उघडताना खरे जन्मसाल लिहून पालकांनी सोबत बसावे.

उपसंहार

वर उल्लेखिलेल्या मुलीच्या आईस मी मुलीच्या संमतीने त्याच दिवशी सर्व सांगितले. आई प्रथम रडली, मग मुलीला जवळ घेतले. वडिलांना दुसऱ्या दिवशी बोलावले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, नंतर म्हणाले, “मी तसं बोललो नसतो तर हिने आधीच सांगितलं असतं का?” मी त्यांना खरे ते उत्तर दिले, आणि माझ्याकडूनही एक महिना उशीर झाला हेही सांगितले. तक्रार नोंदविण्यास ते स्वतः मुलीसोबत गेले. पुढील महिन्यात तिची झोप सुधारली. ते श्रेय माझ्या औषधाचे नव्हते.

“मोबाईल कोणत्या वयात द्यावा?” या प्रश्नास आता मी असे उत्तर देते : स्वतंत्र खाते सोळा वर्षांपूर्वी नको. पण त्याआधी एक खात्री करून घ्या. मुलाकडून मोठी चूक झाली तर ते सर्वप्रथम तुमच्याकडे येईल ना? तसे नसेल तर कोणतीही मर्यादा त्याचे पुरेसे रक्षण करणार नाही. आणि ते पालकांकडे जाऊ शकत नसेल, तर निदान वैद्याकडे तरी यावे, एवढी जागा आपल्या चिकित्सालयात असावी. त्यासाठी आपण पाच मिनिटे वेगळी काढावीत, एवढीच सर्व वैद्य बंधुभगिनींना नम्र विनंती.

इत्यलम्।